हीट पंपावर बर्फ साचू नये म्हणून काय करायचं

हिवाळ्यात हीट पंपाच्या बाहेरच्या युनिटवर पांढरा थर दिसला म्हणजे मशीन बिघडलं असं नाही. तो थर दिवसातून अनेकदा जमणार आणि मशीन तो स्वतःच वितळवणार, अशीच त्याची रचना आहे. खरी भानगड सुरू होते ती वितळलेलं पाणी युनिटबाहेर न पडता तिथेच गोठतं तेव्हा. टोरांटो, ऑटावा, हॅलिफॅक्स, बॉस्टन, मिनियापोलिस अशा ठिकाणी पहिलंच घर घेतलेल्यांनी एकच प्रश्न धरून ठेवावा: हे पाणी जाणार कुठे? खाली सांगितलेली बहुतेक कामं या प्रश्नातूनच निघतात.

हा लेख हवेतून उष्णता घेणाऱ्या हीट पंपाबद्दल आहे. भिंतीवर इनडोअर युनिट असलेला डक्टलेस मिनी-स्प्लिट आणि डक्टमधून घरभर गरम हवा फिरवणारा सेंट्रल, दोन्ही यात आले. दिल्ली-चंदीगडकडे 'हॉट अँड कोल्ड एसी' म्हणून विकतात ते हेच यंत्र, फक्त तिथे त्याला उणे २० अंशांना तोंड द्यावं लागत नाही. जमिनीखालून उष्णता घेणाऱ्या जिओथर्मल पंपाला उघड्यावरची कॉइल (उष्णता ओढणारी नळ्या-पात्यांची जाळी) नसतेच, तेव्हा तो ज्यांच्याकडे आहे त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

थर जमतो का, आणि कधी जास्त

एसी उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो. हीट पंप हिवाळ्यात तेच उलटं करतो, बाहेरच्या हवेतून उष्णता ओढून आत आणतो. त्यासाठी बाहेरची कॉइल हवेपेक्षा थंड असावी लागते, साधारण ५ ते १० अंशांनी. म्हणजे बाहेर अधिक २ अंश असले तरी कॉइलच्या पातळ ॲल्युमिनियम पात्या उणे ५ च्या आसपास असतात, आणि हवेतलं बाष्प त्यांच्यावर बर्फ होऊन बसतं. जुन्या एकदारी फ्रीजच्या फ्रीझरमध्ये चढणारा थर आपण बटण दाबून घालवायचो, तोच हा प्रकार. इथे बटण मशीन स्वतः दाबतं.

नवख्या माणसाचा अंदाज इथे हमखास चुकतो. जितकी थंडी जास्त तितका बर्फ जास्त, असं नसतं. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४.८ ग्रॅम बाष्प मावतं, उणे २० ला जेमतेम ०.९ ग्रॅम. म्हणून विनिपेगच्या कोरड्या उणे २५ पेक्षा हॅलिफॅक्समधला धुक्याचा, अधिक १ अंशाचा दिवस कॉइलला जड जातो. उणे ५ ते अधिक ५ हा पट्टा सगळ्यात त्रासाचा. नोव्हेंबरअखेर, डिसेंबर आणि मार्च यांवर लक्ष ठेवा. ऐन जानेवारीतला त्रास वेगळा असतो: थर कमी जमतो, पण खाली पडलेला प्रत्येक थेंब तिथल्या तिथे गोठतो आणि पुढचे कित्येक आठवडे हलत नाही.

डीफ्रॉस्ट होताना काय दिसतं

थर वाढला की हवा कॉइलमधून नीट जात नाही. सेन्सर ते ओळखतो आणि डीफ्रॉस्ट, म्हणजे थर वितळवायचं काम, सुरू होतं. गॅसची दिशा उलटवणारा रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह फिरतो ('फुस्स' असा मोठा आवाज येतो), बाहेरचा पंखा थांबतो आणि गरम गॅस बाहेरच्या कॉइलमध्ये जातो. थर सुटतो, तळाशी पाणी गळायला लागतं आणि युनिटमधून वाफेचे लोट निघतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला आग लागल्यासारखं वाटतं. तो धूर नाही, वाफ आहे. २ ते १० मिनिटांत काम आटोपतं, पंखा पुन्हा फिरतो आणि वाफेचा शेवटचा झोत बाहेर पडतो.

या वेळात वितळवण्यासाठी लागणारी उष्णता तुमच्या घरातूनच घेतली जाते. म्हणून मिनी-स्प्लिटचा आतला पंखा थांबतो. सेंट्रल सिस्टिममध्ये थर्मोस्टॅटवर 'ऑक्स हीट' उमटतं, म्हणजे इलेक्ट्रिक हीटर तेवढ्यापुरता मदतीला येतो. पाच मिनिटं व्हेंटमधून कोमट किंवा गार हवा आली तर कंपनीला फोन लावू नका.

आपल्या मशीनचा डीफ्रॉस्ट एकदा घड्याळ लावून पाहून ठेवा. बाहेर शून्याच्या आसपास तापमान आणि दमट हवा असा दिवस निवडा. दोन डीफ्रॉस्टमध्ये किती वेळ गेला, एक डीफ्रॉस्ट किती मिनिटं चालला आणि संपल्यावर कॉइल पूर्ण स्वच्छ झाली का, या तीन गोष्टी लिहून ठेवा. साधारण पाऊण ते दीड तासाने एकदा आणि शेवटी कॉइल उघडी, असं असेल तर मशीन ठीक आहे. कॉइल पांढरीफटक असूनही दोन-तीन तास डीफ्रॉस्ट झालाच नाही, किंवा कोरड्या हवेतही दर अर्ध्या तासाला होतोय, किंवा पंधरा मिनिटं चालूनही खालच्या भागात बर्फ राहतोय, तर पुढे वाचा.

ऑक्टोबरमध्ये करायची कामं

स्नो पडायच्या आधी एक दुपार पुरते. आधी थर्मोस्टॅट किंवा रिमोटवरून मशीन बंद करा, मग बाहेरच्या भिंतीवरचा डिसकनेक्ट स्विच किंवा पॅनेलमधला ब्रेकर पाडा. युनिटमध्ये २४० व्होल्ट असतात. इन्व्हर्टर मशीनच्या कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यावरही काही मिनिटं धोकादायक व्होल्टेज राहतं, म्हणून कुठलंही विद्युत झाकण उघडायचं नाही. आपलं काम बाहेरून आणि खालून.

पानं, गवत, जूनमध्ये उडालेला कॉटनवुडच्या झाडाचा कापूस आणि कुत्र्याचे केस कॉइलला चिकटून बसलेले असतात. मिनी-स्प्लिटची कॉइल मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून असते आणि म्हणूनच ती कोणी बघत नाही. मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली झाडा आणि बागेच्या नळीने हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर वापरू नका, पात्या आडव्या होतात आणि मग हवा जायला जागाच उरत नाही. थोड्या वाकलेल्या पात्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या फिन कोंबने (पात्या सरळ करायच्या फणीने) सरळ होतात.

मग टॉर्च घेऊन तळाच्या ट्रेकडे, म्हणजे बेस पॅनकडे बघा. त्याला भोकं असतात. चिखल, पानांचा चोथा, कोळ्याची जाळी असं काहीही त्यात अडकलेलं असतं. खालून प्लास्टिकची काडी घालून प्रत्येक भोक मोकळं करा, वरून तांब्याभर पाणी ओता आणि ते मिनिटभरात पूर्ण निघून जातं का ते बघा. ही एक चाचणी हिवाळ्यातला निम्मा त्रास वाचवते.

युनिटवर स्पिरिट लेव्हल ठेवून दोन्ही दिशांनी तपासा. जमिनीवरच्या काँक्रीट पॅडखालची माती दर हिवाळ्यात गोठून फुगते आणि वसंतात बसते. चार-पाच वर्षांत पॅड एका बाजूला कलतो. कल भोकांच्या उलट दिशेला असेल तर पाणी कोपऱ्यात साचतं आणि बर्फाची पहिली वीट तिथेच तयार होते.

घरातले फिल्टर याच वेळी धुवा किंवा बदला आणि हिवाळाभर महिन्याला एकदा बघा. आतल्या फिल्टरचा बाहेरच्या बर्फाशी काय संबंध, असं वाटेल. पण डीफ्रॉस्टची उष्णता घरातून येते. सेंट्रल सिस्टिममध्ये आतली हवा अडली की ती उष्णता पुरेशी मिळत नाही आणि कॉइल अर्धवट वितळते.

एक चूक शेजाऱ्यांकडे बघून होते. ते ऑक्टोबरमध्ये आपल्या एसीवर कापडी किंवा प्लास्टिकचं कव्हर चढवतात, म्हणून आपणही चढवतो. त्यांचा एसी हिवाळ्यात बंद असतो, आपला हीट पंप हिवाळ्यातच सगळ्यात जास्त चालतो. त्याला गुंडाळणं म्हणजे त्याचा श्वास कोंडणं.

जागा, उंची आणि खालची जमीन

युनिट अजून बसवायचं असेल तर नशीब चांगलं, कारण पुढच्या दुरुस्त्यांपैकी बऱ्याच इथेच टळतात.

युनिट जमिनीला टेकलेलं नको. बेस पॅन जमिनीपासून किमान ३० सेंमी वर हवा आणि स्नो जास्त पडणाऱ्या भागात ४५ ते ६० सेंमी. साधा नियम असा: तुमच्या भागात जमिनीवर साधारण जितका स्नो साचतो, त्याच्या वर आणखी २० ते ३० सेंमी. ह्युरॉन सरोवराच्या किंवा बफेलोच्या बाजूला, जिथे सरोवरावरून येणारे ढग एका रात्रीत अर्धा मीटर स्नो टाकतात, तिथे ३० सेंमीचा स्टँड डिसेंबरातच गाडला जातो. उंची दिसायला सुंदर नसते, म्हणून बिल्डर बुटका स्टँड लावतो. हट्टाने उंच लावून घ्या.

स्टँडखाली फरशी किंवा सपाट काँक्रीट असेल तर डीफ्रॉस्टचं पाणी तिथे पसरून गोठतं आणि बर्फाचा ढीग खालून वर वाढत बेस पॅनला भिडतो. एकदा भिडला की भोकं बंद, आणि मग बर्फ युनिटच्या आत चढतो. त्यापेक्षा युनिटपेक्षा थोडा मोठा, १५ ते २० सेंमी खोल खड्डा करून त्यात २० मिमी खडी भरा. पाणी झिरपतं आणि जे गोठतं ते खडीतच राहतं. स्टँडचे पाय मात्र खडीवर नुसते टेकवू नका, पायांखाली घट्ट बसवलेले ब्लॉक हवेत.

भिंतीवरच्या ब्रॅकेटला स्नोची भीती नाही, पण लाकडी चौकटीच्या घरात कंपनाचा घुमारा बेडरूममध्ये येतो. शिवाय खाली चालायची वाट असेल तर हिवाळाभर तिथे काच पसरल्यासारखं होतं. पायरी, वाट किंवा ड्राइव्हवेच्या वर युनिट कधीही नको. दमट दिवशी त्यातून बादलीभर पाणी सहज पडतं.

वर बघा. आढ्याचं पाणी वळचणीला येणारच. युनिट छपराच्या कडेखाली असेल आणि पन्हळ गळकी किंवा पानांनी तुंबलेली असेल, तर थेंब थेट युनिटच्या डोक्यावर पडतात. डीफ्रॉस्ट कॉइलचा बर्फ काढतो, वरच्या जाळीवरचा नाही. पत्र्याचं उतरतं छप्पर असेल तर स्नोची अख्खी लादी घसरून युनिट चेपते. पन्हळ दुरुस्त करणं किंवा युनिटच्या वर छोटं तिरकं छप्पर लावणं, यातलं एक तरी करा.

छपराबद्दल एक सावधगिरी. नॉर्वेमध्ये युनिटभोवती लाकडी फळ्यांचं घरटं बांधायची पद्धत आहे आणि त्याचे फोटो बघून अनेकजण ते बांधायला घेतात. फळ्या जवळजवळ ठोकल्या तर बाहेर फेकलेली गार हवा आतच फिरते, कॉइल आणखी थंड होते आणि बर्फ जास्त वेगाने चढतो. वर छप्पर ठेवा, पुढची बाजू पूर्ण उघडी ठेवा. अंतरं मॅन्युअलमध्ये दिलेली असतात. ती नसतील तर मिनी-स्प्लिटच्या मागे १५ ते ३० सेंमी आणि पुढे एक मीटर मोकळं हे धरून चाला. पंखा वर तोंड करून असलेल्या सेंट्रल युनिटच्या डोक्यावर दीड मीटरपर्यंत काहीही नको, त्यामुळे त्याचं छप्पर उंचच हवं.

कपड्यांच्या ड्रायरचं व्हेंट, बाथरूमच्या पंख्याचं तोंड आणि गॅस फर्नेसचा पांढरा एक्झॉस्ट पाइप, हे तिन्ही दमट हवा फेकतात. युनिट यांच्याजवळ असेल तर कोरड्या दिवशीही कॉइल पांढरी होते. दोन मीटर तरी लांब ठेवा, जास्त असेल तर बरंच.

ड्रेन एल्बो आणि बेस पॅन हीटर

मिनी-स्प्लिटच्या खोक्यात एक प्लास्टिकचा एल्बो आणि काही रबरी बुचं येतात. ती उष्ण भागासाठी असतात: जास्तीची भोकं बुचांनी बंद करायची आणि एका पाइपने पाणी न्यायचं. थंड प्रदेशात हे अजिबात करू नका. बारीक पाइपमधलं पाणी पहिल्याच गोठत्या रात्री थिजतं, मग पॅन भरतो, मग कॉइलची खालची ओळ बर्फात जाते. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही थंड भागात ड्रेनचा एल्बो लावू नका असं लिहिलेलं असतं, तरी सवयीने तो लावला जातो. खाली वाकून बघा. लावलेला असेल तर काढा, बुचंही काढा, सगळी भोकं उघडी राहू द्या. खाली चालायची वाट असल्यामुळे पाइप टाळताच येत नसेल, तर पाइपच्या पूर्ण लांबीभर हीट केबल लागते आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं.

बेस पॅन हीटर म्हणजे तळाच्या ट्रेमध्ये बसवलेली तापणारी तार किंवा पट्टी. थंड हवामानासाठीच्या काही मॉडेलमध्ये ती आधीच असते, काहींत वेगळी विकत घ्यावी लागते. विकत घेताना स्पष्ट विचारा, कारण 'उणे २५ पर्यंत चालतो' याचा अर्थ 'पॅन हीटर आहे' असा होत नाही. तापमान वरचेवर गोठणबिंदूच्या खाली जाणाऱ्या भागात मी याला ऐच्छिक म्हणणार नाही. खर्चाचा हिशोब सोपा आहे: १०० वॅटचा हीटर चोवीस तास चालला तर २.४ युनिट वीज जाते. थर्मोस्टॅट असलेला किंवा डीफ्रॉस्टच्या वेळेशी जोडलेला असेल तर बराच कमी. चालतो की नाही हे उणे ५ च्या दिवशी टॉर्च मारून कळतं. पॅनमध्ये ओल दिसली तर चालू, दगडासारखा बर्फ दिसला तर बंद.

स्नो आणि फ्रीझिंग रेन

स्नो पडून गेल्यावर युनिटभोवती ६० सेंमी जागा मोकळी करा, आणि मागची बाजू विसरू नका. प्लास्टिकचं फावडं वापरा, धातूच्या पात्याने रेफ्रिजरंटची (यंत्रात फिरणाऱ्या गॅसची) नळी कापली की खर्च हजारांत जातो. स्नोब्लोअरचं तोंड युनिटकडे नको. ड्राइव्हवेचा स्नो टाकायला 'ती कोपऱ्यातली जागा' म्हणून लोक नेमका हीट पंपाचा कोपरा निवडतात.

फ्रीझिंग रेन हा जास्त वाईट प्रकार. पाऊस पाण्याचा पडतो आणि लागेल तिथे काच होतो. माँट्रिऑल-ऑटावा पट्ट्याने जानेवारी १९९८ मध्ये आणि मध्य ओंटारियोने मार्च २०२५ च्या अखेरीस त्याचं मोठं रूप पाहिलं. वर तोंड असलेल्या पंख्याच्या युनिटला तो सगळ्यात जास्त छळतो: जाळी बंद होते, पाती जाळीला किंवा कड्याला चिकटते आणि मोटर जोर लावत राहते. असा इशारा आला की दर दोन-तीन तासांनी खिडकीतून बघा. पंखा फिरत नसेल, किंवा खरखर-टकटक आवाज असेल, तर लगेच बंद करा. प्लास्टिकची पाती तुटून कॉइलमध्ये घुसली तर दुरुस्ती महाग पडते.

अशा वादळात वीजही जाते. ती परत आल्यावर पंप लगेच चालू करू नका. कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल ऊबदार ठेवणारा छोटा हीटर असतो आणि तोही इतका वेळ बंद होता. ब्रेकर चालू ठेवा पण थर्मोस्टॅट 'इमर्जन्सी हीट' वर टाका (बाहेरचं युनिट थांबतं, फक्त आतला हीटर चालतो), आणि मॅन्युअलमध्ये दिलेले तास (अनेकदा १२) थांबा. तेवढ्यात युनिट मोकळं करता येतं. त्या कामासाठी मात्र ब्रेकर पुन्हा पाडायचा.

बर्फ कुठे आहे, त्यावरून कारण

मेकॅनिक येण्याआधी निदानाचा बराच भाग नुसत्या डोळ्यांनी होतो. एक फोटो काढून ठेवा, कारण तो येईपर्यंत बर्फ वितळलेला असू शकतो आणि मग 'सगळं ठीक आहे' असं ऐकून पैसे द्यावे लागतात.

सगळी कॉइल सारख्याच जाड बर्फात असेल, तर डीफ्रॉस्ट होतच नाहीये. कॉइलवरचा तापमान सेन्सर क्लिपमधून सुटला असेल, डीफ्रॉस्ट बोर्ड गेला असेल, रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा बाहेरच्या पंख्याची मोटर मेली असेल. सुटलेला सेन्सर हे यातलं सगळ्यात स्वस्त कारण. तो कॉइलऐवजी हवेचं तापमान मोजत बसतो. आधी तेच बघायला सांगा.

वरचा भाग स्वच्छ आणि खालचे १०-१५ सेंमी बर्फात, हे पाण्याचं दुखणं. भोकं, कल, पॅन हीटर किंवा खालून वाढलेला ढीग, यांपैकी एक. इथे रेफ्रिजरंट भरून काहीही होणार नाही.

कॉइलच्या दोन-चार नळ्यांभोवतीच जाड थर आणि बाकी भाग कोरडा, तर रेफ्रिजरंट कमी आहे किंवा कॉइलमध्ये तो सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नीट वाटप करत नाही. गॅस 'वापरून संपत' नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. गळती न शोधता नुसता भरून देणाऱ्याला पुन्हा बोलवू नका. हे काम करणाऱ्याकडे अमेरिकेत ईपीएचं (तिथल्या पर्यावरण संस्थेचं) ६०८ प्रमाणपत्र आणि कॅनडात ओडीपी (ओझोन संरक्षणाच्या प्रशिक्षणाचं) कार्ड असावं लागतं, ते मागायला संकोच नको.

फक्त मागची बाजू भरलेली असेल तर भिंत फार जवळ आहे किंवा वाऱ्याने स्नो तिथे कोंबला आहे. फक्त वरून काचेसारखा थर असेल तर पन्हळ किंवा फ्रीझिंग रेन.

बर्फ चढलाच, तर

१. मशीन बंद करा आणि ब्रेकर पाडा. घर गरम ठेवायला बेसबोर्ड हीटर किंवा फर्नेस सुरू करा. सेंट्रल सिस्टिममध्ये 'इमर्जन्सी हीट' मुळे बाहेरचं युनिट थांबतं, पण त्याची वीज तुटत नाही. आतल्या हीटरचा ब्रेकर सहसा वेगळा असतो, तो राहू द्या.

२. आधी सैल स्नो हाताने किंवा मऊ ब्रशने काढा.

३. कोमट पाणी, साधारण ४० अंशांचं, वरून हळूहळू ओता. बागेच्या नळाचं पाणी हिवाळ्यात आतून बंद केलेलं असतं (असायलाच हवं, नाहीतर पाइप फुटतो), त्यामुळे बादल्याच वाहाव्या लागतात. अंदाजासाठी: एक किलो बर्फ वितळायला ४० अंशांचं निदान दोन लिटर पाणी लागतं, आणि प्रत्यक्षात बरंच वाहून जातं. तीन-चार बादल्यांची तयारी ठेवा. उकळतं पाणी नको.

४. ओतताना आधी तळाची भोकं मोकळी होतील असं बघा, नाहीतर तुम्ही ओतलेलं पाणीही पॅनमध्येच गोठेल.

५. पंखा हाताने फिरवून बघा. तो कुठेही न घासता फिरला, तरच ब्रेकर चालू करा.

६. पाणी वाहून गेलेल्या जागेवर वाळू टाका. मीठ नको, ते ॲल्युमिनियम आणि तांब्याला खातं. युनिटवर तर मीठ किंवा 'आइस मेल्ट' कधीच टाकायचं नाही.

सुरी, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, हीट गन, गॅसची ज्योत, सगळं वर्ज्य. पात्यांमागे रेफ्रिजरंट भरलेल्या पातळ भिंतीच्या नळ्या असतात.

बाहेर उणे १० पेक्षा थंड असेल तर पाण्याचा खटाटोप करू नका, ओतलेलं गोठून बर्फ वाढतो. बॅकअपवर राहा आणि मेकॅनिककडून बोर्डवरून मुद्दाम सुरू करायचा फोर्स्ड डीफ्रॉस्ट करून घ्या. शून्याच्या आसपास असेल आणि पंखा मोकळा असेल, तर १०-१५ मिनिटं 'कूल' मोडवर चालवून कॉइल तापवता येते. पण अनेक मशीन इतक्या थंडीत कूलिंग सुरूच करत नाहीत, तेव्हा त्यावर विसंबू नका.

चालवायची सवय

गॅस फर्नेसची सवय असलेले लोक रात्री तापमान १६ वर आणतात आणि सकाळी २१ करतात. हीट पंपाला हे मानवत नाही. सकाळी, म्हणजे बाहेर सगळ्यात थंड आणि दमट असताना, कॉम्प्रेसर पूर्ण जोरात धावतो, कॉइल आणखी थंड होते आणि थर झपाट्याने चढतो. २० किंवा २१ ठेवा आणि हात लावू नका, रात्री फार तर एक-दोन अंश खाली.

जुन्या सेंट्रल युनिटमध्ये डीफ्रॉस्ट गरजेप्रमाणे न होता ठरावीक वेळाने होतो. बोर्डवर ३०, ६०, ९० मिनिटांच्या पिना असतात आणि एक जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) त्यांतली वेळ ठरवतो. समुद्राकाठच्या दमट गावात तो ९० वर असेल आणि कॉइल प्रत्येक वेळी अर्धी वितळत असेल, तर मेकॅनिककडून ६० वर करून घ्या. उलट, प्रेअरीच्या कोरड्या गवताळ मैदानी भागात तो ३० वर असेल तर घरातली उष्णता विनाकारण बाहेर जाते. नवीन युनिट घेताना डीफ्रॉस्ट गरजेनुसार होणारा आहे का, पॅन हीटर किमतीत धरला आहे का, स्टँड किती सेंमीचा, आणि डीफ्रॉस्टचं पाणी पडेल तिथे काय आहे, हे चार प्रश्न कोटेशनवरच लिहून घ्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्ष जागा न बघता देणाऱ्या इन्स्टॉलरला काम देऊ नका.